मार्केट यार्डाजवळचा मोफत खो-खो वर्ग : एका शिक्षिकेचा अभिप्राय

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळील मैदानावर एक मंडळ रोज सायंकाळी साडेपाच ते सात या वेळेत मोफत खो-खो शिकवते. माझ्या वर्गातील सात मुले जूनपासून तेथे जातात. त्यांचे वडील हळदीच्या बाजारात हमाली करतात, आया धुणीभांडी करतात.

अशा मुलांना खेळाची आवड नसते, हा समज मला कधीच पटला नाही. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या आणि शाळा सुटल्यावर धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीला खेळायला ना जागा असते, ना सवड. या वर्गात भावंडाला सोबत आणण्याची मुभा आहे, एवढ्या एका गोष्टीने तीन मुली येऊ लागल्या. शिवाय खो-खोला दोन खांब आणि फक्कीने आखलेले 27 बाय 16 मीटरचे मैदान पुरते. क्रिकेटच्या किटचा खर्च या घरांना झेपत नाही.

तरीही खो-खो लावला म्हणजे सगळी मुले धावतात असे नाही. संरक्षणाला एका वेळी तिघांचीच तुकडी उतरते, आणि पाठलागात चपळ मुले एकमेकांनाच खो देत राहिली की दमणारे मूल रांगेतल्या आपल्या जागी बसूनच राहते. येथील सर मैदानाचे दोन भाग करून लहान गट खेळवतात आणि प्रत्येकाला खो मिळाल्याशिवाय डाव संपवत नाहीत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; येथे तेवढी ती खरोखरच होते. जूनमध्ये खांबापाशी दर वेळी थांबणारी चौथीतली एक मुलगी आता खांब धरून त्याच वेगात गिरकी घेते, आणि खांद्यावरची हळद न झटकताच कामावरून आलेले तिचे वडील कडेला उभे राहून ते पाहतात.

पानटपरी चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा संकेत सरगर याने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्यपदक मिळवले, याचा सांगलीकर म्हणून मला अभिमान आहे. पण मागे पडणाऱ्या मुलालाही रोज पळवणारा वर्ग मला तितकाच मोलाचा वाटतो.

उणिवा मात्र गंभीर आहेत. पिण्याचे पाणी मुलांना घरूनच आणावे लागते आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, त्यामुळे सातवीतल्या दोघींनी येणे बंद केले. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारते, तेव्हा दिव्यांअभावी वर्गाची वेळ निम्म्यावर येते. स्वच्छतागृहासाठी मी मंडळाकडे दोनदा अर्ज दिला आहे. इतर पालकांनीही द्यावा.