बॅगेतला स्कॅनर आणि पूर्व भागातले कागद: वर्षभराच्या वापरानंतर

सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांचे हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय. शहराच्या पूर्व भागातले, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि अशोक चौकाच्या आसपासचे यंत्रमाग कारखाने, शिवाय चाटी गल्लीतली काही दुकानं. कागद कोणते, तर सूत खरेदीची बिलं, डाईंगवाल्याची चलनं, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, लाईट बिलं आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या. या सगळ्यासाठी साधारण वर्षापूर्वी एक छोटा स्कॅनर घेतला. पट्टीएवढा लांब, पाव किलोच्या आसपास वजनाचा, यूएसबी केबलवर चालणारा, एका वेळी एकच कागद ओढून घेणारा.

आधी निकाल सांगून टाकते. यंत्र पैसे वसूल करून देतं, पण लोक ज्या कारणासाठी घेतात त्या कारणासाठी नाही. घर कागदमुक्त करायचं म्हणून घेतलंत तर पहिल्या रविवारी उत्साहानं दोन फायली होतील आणि पुढच्या महिन्यात ते कपाटावर जाईल. त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. कागद त्याच्या मालकापासून हलवावा लागत नाही.

आमच्याकडे हे किती मोठं काम आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या मासिक जीएसटी विवरणपत्राची, ११ तारीख जवळ आली की दिवाणजी एक कॅरीबॅग हातात ठेवायचे, तिच्यात महिन्याभराची बिलं. ती घरी आणायची, नोंदी करायच्या, परत द्यायची. मध्येच फोन: "ताई, ते कोइमतूरच्या सुताचं बिल तुमच्याकडंच राहिलंय काय, बघा की जरा." पार्टी पेमेंटला आलेली असायची, मालक तापलेले असायचे आणि बिल कुणाकडे यावर अर्धा दिवस जायचा. मूळ बिल बाहेर द्यायला कुठलाच कारखानदार मनापासून तयार नसतो, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

आता मी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन दिवाणजींच्या टेबलावरच बसते. एका कारखान्यातले दिवाणजी सत्तरीचे आहेत. तारीखवार लावलेली चळत डाव्या हाताला घेऊन ते एकेक बिल माझ्याकडे सरकवतात आणि पलीकडून बाहेर आलेलं उचलून पालथं ठेवत जातात, म्हणजे शेवटी चळत उलटी केली की क्रम जसाच्या तसा. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. फक्त अंगठ्याला थुंकी लावून कागद सुटा करायची त्यांची सवय यंत्राला सोसत नाही. ओला कोपरा रोलरला चिकटतो आणि कागद तिरका जातो. त्यांच्यासाठी मी बँकेतल्यासारखी ओल्या स्पंजची डबी नेऊन ठेवली, तर बोटं आणखी ओली व्हायला लागली. शेवटी रबरी टोपी दिली, ती चालली.

वेगाबद्दल खोक्यावर लिहिलेलं खोटं नसतं, पण अर्धंच असतं. या जातीच्या स्कॅनरपैकी एप्सनचा ईएस-५० एका पानाला ५.५ सेकंद सांगतो, ब्रदरचा डीएस-६४० मिनिटाला १५ पानं सांगतो. माझा कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या कुरबुरी या बनावटीच्या जवळजवळ सगळ्याच यंत्रांना लागू आहेत, एकाच नावावर खापर कशाला. पान आत गेल्यावर लागणारा वेळ खोक्यावरच्याइतकाच लागतो. खरा वेळ खातात त्या टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना. आमच्याकडे बिलाला चलन, चलनाला बिल्टी, बिल्टीला काट्याची चिठ्ठी, आणि या सगळ्याला वरून एक टाचणी असा थाट असतो. एखादी पिन आत गेली तर काचेवर ओरखडा येईल आणि तो कायमचा राहील. त्यामुळे आधी सगळ्या पिना काढायच्या, त्या एखाद्या डबीच्या झाकणात जमा करायच्या, आणि मगच यंत्र सुरू करायचं.

आता मुख्य तक्रार, आणि ती खास सोलापूरची आहे: तूस. टेरी टॉवेलच्या कारखान्यात हवेत सुताचा तूस तरंगत असतो. ऑफिस मागांपासून दार लावून वेगळं केलेलं असलं तरी टेबलावर, फायलींवर, बिलांच्या घडीत तो असतोच. साध्या सपाट काचेच्या स्कॅनरवर कचरा पडला तर चित्रात एक ठिपका येतो, कारण तिथे कागद स्थिर असतो आणि सेन्सर फिरतो. इथे उलटं आहे. सेन्सरची पट्टी जागेवर असते आणि कागद तिच्यावरून सरकतो. म्हणून काचेवर तुसाचा एक तंतू बसला की पानाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सरळ उभी रेघ उमटते, आणि तो काढेपर्यंत पुढच्या प्रत्येक पानावर त्याच जागी उमटत राहते. ही रेघ रकमेच्या रकान्यातून गेली तर १ आहे की ७ आहे ते सांगणं अवघड.

उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा. झाकण उघडून चष्मा पुसायच्या मऊ कापडानं काच पुसायची, रोलर बोटानं फिरवत त्यावरचा तूस काढायचा. जिथे टॉवेल बनतात तिथे टॉवेलनं काच पुसायची नाही, एवढं ध्यानात ठेवायचं. कारखान्यात गेल्यावर पहिलं पान नेहमी कोरं पांढरं स्कॅन करते. रेघ दिसली तर तिथेच कळतं, चाळीस बिलं झाल्यावर नाही. पुसूनही रेघ किंवा पट्टा राहिला तर यंत्राबरोबर आलेला कॅलिब्रेशनचा, म्हणजे सेन्सर जुळवून घ्यायचा, कागद एकदा चालवायचा. तो कागद जपा, साध्या पानानं ते काम होत नाही.

दुसरी खोच बिल्टीची. ट्रान्सपोर्टवाला आपल्या हातात कार्बनची तिसरी नाहीतर चौथी प्रत देतो. गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, त्यावर पुसट निळी अक्षरं. स्कॅनर आपल्या मनानं काळं-पांढरं निवडतो आणि मग एकतर अक्षरं गायब होतात, नाहीतर गुलाबी रंगच काळा होऊन अख्खी बिल्टी ग्रहण लागल्यासारखी दिसते. मी आता सगळंच ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत), ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं घेते आणि बिल्टीपुरतं रंगीत. ३०० डीपीआयला ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. रंगीत असेल तर कच्चं चित्र २६ एमबीच्या आसपास भरतं, पण पीडीएफ करताना दाबून ते एक एमबीच्या आत बसतं. ६०० डीपीआयच्या नादी लागू नका. बिलावर तेवढं बारीक काही लिहिलेलंच नसतं, फाईल मात्र चौपट होते.

पातळ बिल्टी नुसती घातली तर चुरगळते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सरकवायची; काही यंत्रांबरोबर ते मिळतं, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातलं पातळ एल-फोल्डर चालतं. घडीची खोल सुरकुती असेल तर तेवढी पट्टी धूसर येते. या सेन्सरला काचेला चिकटलेलंच नीट दिसतं, जरा वर उचललेलं दिसत नाही. पासबुक, बिलबुक, शिवलेली रोजकीर्द हे तर यात घालताच येत नाही. त्यासाठी मोबाईल.

मोबाईलचं म्हणाल, तर तीन-चार पानांना मीही मोबाईलच काढते. आमचे मालक लोक अजून "कॅमस्कॅन करून टाका" म्हणतात, जरी ते कॅमस्कॅनर ॲप जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होतं. ॲप कुठलंही असो, ट्यूबलाईटखाली आपल्याच हाताची सावली पडते, कडा तिरक्या येतात, प्रत्येक पानाला धरा-टिपा-कापा. दहा-बारा बिलांनंतर मान दुखते आणि मग माणूस दोन बिलं एकाच फोटोत घ्यायला लागतो. स्कॅनरमध्ये सगळी पानं एका मापाची, एका उजेडाची येतात आणि नंतर नोंदी करताना डोळ्यांना त्रास होत नाही.

काम वाढतं ते स्कॅन झाल्यावर. यंत्र फायलींना स्वतःच्या मनानं नावं देतं आणि तशीच ठेवलीत तर कॅरीबॅगेतला गोंधळ फक्त लॅपटॉपमध्ये आला असं समजा. मी नाव आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, पार्टी आणि बिल नंबर असं देते. वर्ष पुढे असलं की फायली आपोआप क्रमानं लागतात. हे काम त्याच टेबलावर उरकायचं. घरी जाऊन करू म्हटलं की राहतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर मी महिनाभर सोसलं. दर वेळी अपडेट मागायचं आणि उघडायला वेळ लावायचं. आता नॅप्स-टू हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. साधं आहे, त्यात ओसीआरही आहे, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून शोधता येईल असा मजकूर करायची सोय, आणि त्यामागचं टेसरॅक्ट हे अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं. टॅलीतून छापलेलं इंग्रजी बिल जवळजवळ पूर्ण वाचलं जातं. छापील मराठी बरं वाचतं, पण जोडाक्षरांत अडखळतं. डॉट मॅट्रिक्सवर काढलेली काट्याची चिठ्ठी म्हणजे नशिबाचा खेळ. हातानं लिहिलेलं मराठी सोडून द्या, आणि बिलाच्या पाठीमागे मालकांनी तेलुगूत खरडलेला हिशेब तर मलाच वाचता येत नाही, यंत्राला काय दोष द्यायचा.

एक युक्ती मात्र उपयोगी पडते. एका पार्टीची सगळी बिलं शोधायला जीएसटी नंबर टाकला तर कधी सापडतात, कधी नाही; १५ आकडी-अक्षरी नंबरात शून्य आणि ओ, पाच आणि एस, आठ आणि बी यांची गल्लत होते. त्या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, तमिळनाडूचे ३३, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनच्या मधोमध सलग चार आकडे असतात. फक्त ते चार टाकून शोधते. सलग आकडे सहसा नीट वाचलेले असतात.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फाडायचे का, हे प्रत्येक मालक विचारतात. माझं उत्तर एकच: नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वह्या आणि कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. वार्षिक विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर धरली, तर २०२३-२४ चे कागद डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून पुढे. हिशेब संगणकावर ठेवायला कायद्याची ना नाही, पण प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यापेक्षा मूळ बिल खोक्यात असलेलं बरं. खरेदीखत आणि स्टॅम्पपेपरवरचे करार यांची स्कॅन ही फक्त झेरॉक्सच्या जागी धरायची. माझ्याकडे फरक एवढाच पडला की ती खोकी आता माळ्यावर गेली आणि कुणाला उघडावी लागत नाहीत.

एका कागदाला मात्र स्कॅनशिवाय गत्यंतरच नाही: थर्मल पावती. तिच्यावर शाई नसते, कागदावरचा रासायनिक थर उष्णतेनं काळा होऊन अक्षर उमटतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, त्यात गाडीच्या डिकीत पडलेली पेट्रोलपंपाची पावती. कधी अक्षर उडतं, कधी पावतीच काळवंडते. अशा पावत्या मी त्याच आठवड्यात घेते. लांब पावतीसाठी कागदाची लांबी आपोआप ओळखायचं सेटिंग चालू करा, नाहीतर ए-४ ला कापली जाते.

वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं, हा मोठा दिलासा. फक्त केबल थेट लॅपटॉपला लावा. स्वस्तातल्या यूएसबी हबवर अर्ध्या पानात यंत्र थांबायचं. केबल जाते ती मायक्रो यूएसबीची खाच नाजूक आहे आणि रोज काढघाल करून माझी आताच सैल झाली आहे. सर्व्हिस सेंटरनं पुण्याला पाठवा म्हणून सांगितलं. तीन आठवडे यंत्राशिवाय राहणं परवडणारं नाही, म्हणून केबल रबरबँडनं बांधून चालवते.

विकत घेणाऱ्याला एवढंच सांगेन की आधी आपल्या कागदाची पाठ बघा. ती कोरी असेल तर एकतर्फी यंत्र पुरे. लाईट बिल, बँकेची पत्रं, करार असं दोन्हीकडून छापलेलं जास्त असेल तर दुतर्फा घ्या. ब्रदरचा डीएस-७४०डी दोन्ही बाजू एकदम घेतो. कॅननचा आर-१० तेही करतो आणि वर वीस पानांची चळत एकदम लावता येते. वजन किलोभर होतं, म्हणजे स्कूटीवर रोज नेताना जाणवेल. वायफाय-बॅटरीवाल्या मॉडेलचा मोह मला नाही. कारखान्याच्या ऑफिसात केबल सापडते, नेटवर्क सापडत नाही.

डिसेंबरअखेर वार्षिक विवरणपत्रं उरकली की लगेच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, येतो आणि त्या दिवसांत कामाला बसा म्हणून कुणाला सांगता येत नाही. यात्रा उतरली की मी चळतवाला घेणार आहे. आताचा स्कॅनर एका मालकांनी दिवाणजींसाठी मागून ठेवलाय; खाच दुरुस्त करून दिली तरच घेणार म्हणालेत, आणि पैसे मात्र अर्धेच.