एनएस अँड आयचे इन्कम बाँड्स : कमावत्या नसलेल्या आईचा अनुभव

धाकटीच्या जन्मानंतर मी नोकरी सोडली, तेव्हा आमची बरीचशी शिल्लक यजमानांच्या बचत खात्यात होती. ते ब्रिटनमधील ४० टक्के कराच्या टप्प्यात येत असल्यामुळे त्यांना वर्षाला अवघ्या ५०० पौंडांचे व्याज करमुक्त मिळत असे. म्हणून त्यांतले ६० हजार पौंड माझ्या नावावर करायचे ठरले आणि मी पर्याय शोधू लागले. एनएस अँड आय या सरकारी बचत संस्थेच्या इन्कम बाँड्सवरील व्याज करपात्र असते, मात्र ते करकपात न करता दिले जाते, असे वाचल्यावर मी ती योजना तिथेच बाजूला सारली होती. याच संस्थेच्या, व्याजाऐवजी सोडतीतून बक्षिसे देणाऱ्या प्रीमियम बाँड्सची बक्षिसे करमुक्त असतात, त्यामुळे मन तिकडे ओढ घेत होते. हा माझा उतावळेपणा होता.

व्याज करपात्र आहे याचा अर्थ ते उत्पन्नात धरले जाते एवढाच. त्यावर कर बसेल की नाही, हे पैसा ज्याच्या नावावर आहे त्याच्या एकूण उत्पन्नावर ठरते. दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला १२,५७० पौंडांची व्यक्तिगत सूट, केवळ बचतीच्या व्याजासाठी असलेला ५,००० पौंडांचा शून्य टक्क्याचा टप्पा आणि शिवाय १,००० पौंडांची बचत सवलत मिळत असल्यामुळे तिचे वर्षाला १८,५७० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त राहते. दर ४ टक्के धरला, तर ६० हजारांवर २,४०० पौंड येतात. यजमानांच्या नावावर त्यांतल्या १,९०० पौंडांवर ७६० पौंड कर गेला असता. माझ्या नावावर एक पेनीही जात नाही. भारतात पत्नीला दिलेल्या पैशावरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, त्यामुळे आमच्या मनात धाकधूक होती. इथे पती-पत्नींसाठी तशी तरतूद नाही, मात्र पैसा खरोखरच देऊन टाकलेला असावा लागतो.

बाँड्स किमान ५०० पौंडांपासून घेता येतात आणि पूर्वसूचना न देता मोडता येतात. रक्कम कितीही असली तरी तिला ब्रिटिश सरकारची पूर्ण हमी आहे. बँकांच्या ठेवींना १ डिसेंबर २०२५ पासून माणशी, प्रत्येक बँकेमागे १,२०,००० पौंडांपर्यंत संरक्षण मिळते. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेला थेट चालू खात्यात येते. स्वतःचा पगार थांबलेल्या व्यक्तीला ही तारीख काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. मुलीच्या पोहण्याच्या शिकवणीचे पैसे आता मी कोणाला न विचारता भरते.

या मासिक व्याजाचे महत्त्व मला आधीच्या एका ठेवीमुळे कळले. नोकरीत असताना मी एका बँकेत दोन वर्षांची मुदत ठेव केली होती. तिचे सगळे व्याज मुदतीअखेर एकदम हाती आले, ते संपूर्ण त्याच करवर्षात धरले गेले आणि माझी १,००० पौंडांची सवलत ओलांडली गेली. खाते उघडताना याची कल्पना कोणीही दिली नव्हती.

उणिवाही आहेत. दर बदलता असतो आणि बाजारातल्या सर्वांत चढ्या दराची बरोबरी तो क्वचितच करतो. व्याज बाँडमध्येच ठेवता येत नसल्यामुळे चक्रवाढीचा लाभ नाही. खर्च न झालेले पैसे मला दर महिन्याला आठवणीने दुसरीकडे हलवावे लागतात. शिवाय आपल्यापैकी अनेकांचे एनआरई खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे भारतातील बँक खाते, असते. त्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी चार वर्षांहून अधिक काळ ब्रिटनचे रहिवासी असलेल्यांना ते इथल्या उत्पन्नात दाखवावे लागते, म्हणजे वरच्या १८,५७० पौंडांत तेही मोजायचे. एखादीचे यजमान मूळ (२० टक्के) दराचे करदाते असतील आणि तिने विवाह सवलतीखाली आपल्या व्यक्तिगत सूटीपैकी १,२६० पौंड त्यांना दिले असतील, तर ही मर्यादा १७,३१० पौंडांवर येते.

नोकरीवर परतताना मात्र गणित पुन्हा मांडावे लागेल. पगार १२,५७० पौंडांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक पौंडामागे त्या ५,००० पौंडांच्या टप्प्यातला एक पौंड कमी होतो आणि १७,५७० पौंडांवर तो टप्पाच संपतो. धाकटी शाळेत जाऊ लागली की मी अर्धवेळ काम पाहणार आहे. त्याआधीच्या ६ एप्रिलला नवे करवर्ष सुरू होताच, मर्यादेत बसेल तेवढी रक्कम बाँड्समधून काढून आयसा या करमुक्त बचत खात्यामध्ये टाकायचे ठरवले आहे.