‘सुमारे ५,००० निकाल’: पोस्टग्रेसच्या शब्दशोधातील अंदाजाचे परीक्षण

मराठी लेखांच्या एका संग्रहासाठी आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर शोधपान बांधले, तेव्हा निकालांच्या माथ्यावर ‘सुमारे इतके निकाल’ अशी ओळ द्यायचे ठरले. प्रत्येक शोधाला जुळणारे सगळे लेख मोजत बसणे परवडणारे नव्हते, म्हणून एक्सप्लेन ही आज्ञा क्वेरी न चालवताच जुळणाऱ्या ओळींचा (इथे एक ओळ म्हणजे एक लेख) जो अंदाज सांगते तोच उचलून वाचकाला दाखवण्याची पळवाट मी काढली. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना शेवटचा र दोनदा टंकला आणि पान म्हणाले, ‘सुमारे ५,००० निकाल’. खाली मात्र एकही लेख नव्हता. मग मी मुद्दाम निरर्थक अक्षरे टंकून पाहिली, तर दर वेळी तेच ५,०००. संग्रहात लेख दहा लाखांच्या आसपास होते, आणि पाच हजार म्हणजे त्यांचा ०.००५ हिस्सा. हा ०.००५ कुठून येतो ते शोधत पोस्टग्रेसच्या सोर्स कोडपर्यंत गेलो, तेव्हा तो तिथे स्थिरांक म्हणून लिहिलेला सापडला. पळवाट माझी होती, तेव्हा फजितीही माझीच. पण त्या निमित्ताने हा भाग नीट वाचला गेला आणि त्याचे परीक्षण लिहावेसे वाटले.

फुल-टेक्स्ट सर्च पोस्टग्रेसच्या गाभ्यात आला तो २००८ च्या ८.३ आवृत्तीत, त्याआधी तो टीसर्च२ या वेगळ्या मॉड्यूलच्या रूपात मिळत असे. एखादा शब्द किती ओळींत सापडेल याचा अंदाज प्रत्यक्ष आकडेवारीवरून बांधण्याची सोय मात्र २००९ च्या ८.४ मध्ये आली, आणि ते काम यान उर्बान्स्की यांनी गूगलच्या समर ऑफ कोड उपक्रमातून केले होते. अंदाज हवा कशासाठी, तर जिन इंडेक्स (शब्दावरून लेख सांगणारी सूची) वापरायचा की टेबल सलग वाचायचे, जोडणीत कोणते टेबल आधी घ्यायचे, हे प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, याच आकड्यावरून ठरवतो. आकडा थोडा चुकला तर काही बिघडत नाही. शंभरपटीने चुकला की वाचक चाकाकडे बघत बसतो.

यंत्रणा अशी आहे. अ‍ॅनालाइझ ही आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवली की टेबलातील ३०,००० ओळींचा नमुना घेतला जातो (स्टॅटिस्टिक्स टार्गेट ही नमुन्याचा आणि यादीचा आकार ठरवणारी सेटिंग मूळच्या १०० वर असेल तर), त्यांतील टीएसव्हेक्टर, म्हणजे शोधासाठी शब्दांत तोडून ठेवलेला मजकूर, उघडून शब्द, म्हणजे इथल्या भाषेत लेक्सीम, मोजले जातात आणि सर्वाधिक आढळणारे १,००० लेक्सीम आपापल्या वारंवारितेसह साठवले जातात. नमुन्यातील एकूण एक लेक्सीम स्मरणात ठेवणे महाग पडते, म्हणून मोजणीसाठी गुरमीत सिंग मांकू आणि राजीव मोटवानी यांनी २००२ साली मांडलेली ‘लॉसी काउंटिंग’ ही पद्धत वापरली आहे: ठरावीक अंतराने विरळ शब्द गाळत जायचे आणि जे टिकतील तेवढ्यांचाच हिशेब ठेवायचा. हा भाग मला मनापासून आवडला. कोडमधील टिपण तर एखाद्या नीटस निबंधासारखे आहे. झिफच्या नियमाने शब्दांची वारंवारिता घटत जाते असे धरायचे, भाषेत दहा लाख शब्द आहेत असे मानायचे, आणि त्यावरून यादीतल्या शेवटच्या शब्दाची अपेक्षित वारंवारिता काढायची. त्याच टिपणात आणखी एक गृहीतक आहे, ते म्हणजे भाषेतील पहिले दहा शब्द स्टॉपवर्ड (‘आणि’, ‘आहे’ यांसारखे शोधात निरुपयोगी शब्द) असतील आणि ते आधीच गळून गेलेले असतील.

मराठीची गाडी नेमकी इथे अडते. पोस्टग्रेसमध्ये हिंदी, नेपाळी आणि तमिळ यांचे स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटून शब्दाचे मूळ रूप काढणारे प्रोग्रॅम, स्नोबॉल या स्टेमरच्या प्रकल्पाच्या वाटेने आले आहेत, मराठीचा नाही. त्यामुळे आपण ‘सिंपल’ हे कॉन्फिगरेशन वापरतो, आणि त्यात ना स्टॉपवर्ड गळतात ना विभक्तीचे प्रत्यय. पीजी_स्टॅट्स या व्ह्यूमध्ये ती हजारांची यादी उघडून पाहता येते. ती वारंवारितेने न लावता लेक्सीमच्या लांबीने लावलेली असते, त्यामुळे आरंभी सुटे अंक, मग ‘व’ आणि ‘न’, पुढे ‘या’, ‘ही’, ‘तो’, मग ‘आहे’, ‘आणि’, ‘असून’, ‘केले’, ‘त्यांनी’ अशी फौज लागते. दहा कसले, माझ्या यादीत असे शेकडो शब्द बसलेले होते. उरलेल्या जागांत ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्याची’, ‘पाण्यात’ ही एकाच शब्दाची रूपे वेगवेगळ्या जागा अडवून बसतात. त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द कोणी ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते दोन लेक्सीम असतात आणि वारंवारिता दोघांत वाटली जाते. ज्या शब्दांचा लोक खरोखर शोध घेतात ते या गर्दीत यादीबाहेरच राहतात.

यादीबाहेरच्या शब्दाचे काय होते? यादीतील सर्वांत विरळ शब्दाच्या वारंवारितेचा निम्मा आकडा आणि ०.००५ यांपैकी जो लहान असेल तो त्याला मिळतो. कल्पना वाजवी आहे, कारण जो शब्द यादीत बसला नाही तो यादीतल्या शेवटच्यापेक्षा विरळच असणार. पण लेख लांब असले तर हजारावा शब्दसुद्धा शंभरातल्या एखाद्या लेखात सहज सापडतो, निम्मे करूनही आकडा ०.००५ च्या खाली जात नाही, आणि मग जेमतेम यादीबाहेर राहिलेला ‘सहकार’, संग्रहात दोनदाच आलेला ‘शंखध्वनी’ आणि कुठेच नसलेला ‘ज्ञानेश्वरर’ या तिघांनाही एकाच मापाने मोजले जाते. माझ्या पानावरचे ५,००० हे असे आले होते.

या चुकीची खरी किंमत शोधपानावर कळत नाही, ती तारखेच्या क्रमाने निकाल मागितले की कळते. समजा दहा लाख लेखांतून ‘शंखध्वनी’ असलेले सर्वांत नवे वीस लेख हवे आहेत. प्लॅनर म्हणतो, पाच हजार लेख जुळणार, म्हणजे दर दोनशे लेखांत एक. तेव्हा तारखेच्या इंडेक्सवरून मागे चालत गेलो तर चार हजार ओळी वाचून काम होईल आणि नंतर क्रम लावण्याचा खर्चही वाचेल. हिशेब बिनचूक आहे, फक्त आकडा खोटा आहे. जुळणारे लेख दोनच असल्याने वीस कधी पुरे होत नाहीत, दहाही लाख ओळी वाचल्या जातात, आणि प्रत्येक ओळीचा टीएसव्हेक्टर टोस्ट या मोठ्या मजकुरासाठीच्या बाजूच्या साठवणीतून काढून उघडावा लागतो. जो शोध जिन इंडेक्सने क्षणात दिला असता तो काही मिनिटे घेतो. यावर आम्ही केलेला उपाय देखणा नाही, पण चालतो: शब्दशोधाचा भाग ‘मटेरियलाइज्ड’ असे लिहिलेल्या विथ खंडात आधी उरकायचा आणि तारखेचा क्रम बाहेर लावायचा, म्हणजे प्लॅनरला ती आडवाट घेताच येत नाही. प्रश्न जवळपास प्रत्येक लेखात असणाऱ्या ‘आणि’ सारख्या शब्दाचा असेल तर हाच उपाय अंगाशी येतो, हेही सांगायला हवे.

दोन शब्दांचा शोध असेल तर दोन्ही वारंवारितांचा थेट गुणाकार होतो. ‘शेतकरी’ शंभरातील चार लेखांत आणि ‘कर्जमाफी’ एका लेखात येत असेल, तर दोन्ही एकत्र असलेले लेख दहा लाखांत ४०० निघतात. पण कर्जमाफीवरचा जवळपास प्रत्येक लेख शेतकऱ्याचे नाव घेणारच, म्हणजे खरा आकडा दहा हजारांच्या जवळ जाईल. २०१६ च्या ९.६ आवृत्तीत सलग शब्दांचा, म्हणजे फ्रेजचा, शोध आला. त्याचाही अंदाज दोन्ही शब्द हवेत अशा साध्या शोधासारखाच बांधला जातो. ‘पाणी अडवा’ ही जोडी शोधा किंवा दोन शब्द लेखात कुठेही शोधा, प्लॅनरला दोन्ही सारखेच.

प्रिफिक्स शोध मात्र मराठीत बराच उपयोगी पडला, आणि इथे अंदाज तुलनेने समजूतदार आहे. ‘पाण’ या आरंभाने शोधले की ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ दोन्ही सापडतात, कारण सामान्यरूप होताना बदल ‘ण’ नंतर होतो. अर्थात पाणबुडी आणि पाणघोडाही जाळ्यात येतात. प्लॅनर यादीतील जुळणारी सगळी रूपे घेऊन, ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून, त्यांच्या वारंवारिता एकत्र करतो. एकाच लेखात ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ सोबतच येत असल्याने आकडा थोडा फुगतो, पण तो खऱ्या आकड्याच्या गावातला असतो.

अंदाज मुळीच लागू न होण्याची एक वाट तर अधिकृत मार्गदर्शिकेतील उदाहरणातच आहे. तिथे टीएसक्वेरी, म्हणजे शोधाचा प्रश्न, एसक्यूएलच्या फ्रॉम खंडात टेबलासारखी ठेवून तिला नाव दिले आहे, आणि न्यूट्रिनो व कृष्णद्रव्य यांचा शोध घेतला आहे. (या शोधयंत्रणेच्या दोन मूळ कर्त्यांपैकी ओलेग बार्तुनोव हे मॉस्कोच्या स्टर्नबर्ग खगोलसंस्थेतले, हे कळल्यावर त्या उदाहरणाचे नवल वाटेनासे होते.) लिहायला हे सोयीचे आहे, पण भाषेचे कॉन्फिगरेशन न सांगता असे लिहिले की प्लॅनरला ती दोन टेबलांची जोडणी वाटते, आणि जोडणीसाठीचे फंक्शन यादीकडे न बघता थेट ०.००५ परत करते. तीच क्वेरी व्हेअर खंडात जागच्या जागी लिहिली की यादी वापरली जाते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेली क्वेरी) जेनेरिक प्लॅनवर, म्हणजे शोधशब्द न पाहता केलेल्या आराखड्यावर, गेले तरी हाच स्थिरांक पुढे येतो.

मग मराठी संग्रहासाठी काय करावे? टार्गेट १,००० वर नेले की यादी १०,००० लेक्सीमची आणि नमुना तीन लाख ओळींचा होतो. अ‍ॅनालाइझला वेळ लागतो, पण ‘सहकार’सारखे शब्द आत येतात. कमाल मर्यादा १०,००० आहे, तिथवर जाऊ नये, कारण प्रत्येक प्लॅन ठरवताना ती लाखभर लेक्सीमची यादी उघडावी लागेल. त्याहून मोठा फायदा स्टॉपवर्डची मराठी फाइल केल्याने झाला. जिथे सर्व्हरवर फाइल ठेवता येत नाही, तिथे टीएस_डिलीट हे फंक्शन वापरून जनरेटेड (आपोआप भरल्या जाणाऱ्या) कॉलममधूनच ते शब्द काढता येतात, पण मग वाचकाच्या प्रश्नातूनही ते काढावे लागतात, नाही तर ‘शेती आणि पाणी’ या शोधाला शून्य निकाल येतात. ऱ ची दोन रूपे साठवण्याआधीच एक करून घेणे हे सगळ्यांत स्वस्त काम होते, आणि तेच मला सगळ्यांत उशिरा सुचले.

इतके दोष मोजूनही मी हा अंदाज चांगला म्हणेन. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये फुलटेक्स्ट इंडेक्सवरच्या क्वेरीचे एक्सप्लेन काढले तर ओळींच्या रकान्यात बहुधा नुसता १ दिसतो. त्यापुढे हजार शब्दांची खरी मोजणी ही मोठीच गोष्ट आहे. इंग्रजी मजकुरावर, जिथे स्टेमर आणि स्टॉपवर्ड दोन्ही तयार मिळतात, तिथे हात न लावता तो पुष्कळदा पुरतो. मराठीत त्याला आधी पोसावे लागते.

शोधपानावरची ती ओळ आम्ही बदलली. आता आतली क्वेरी २०१ निकालांवर थांबते. तेवढे मिळाले तर ‘२०० हून अधिक’ असे लिहितो, कमी मिळाले तर नेमका आकडा, आणि ‘ज्ञानेश्वरर’ला शून्य.