एमएक्स-5, अकरा महिन्यांनंतर: एक टनाची गाडी

मागच्या ऑगस्टमध्ये जुनी, 2017 ची माझदा एमएक्स-5 घेतली. दीड लिटरचं इंजिन, सुमारे 130 हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर, दोनच सीट, कापडी छप्पर. ऑफिसातल्या मित्राने आकडे ऐकून विचारलं, "बस, एवढंच?" त्याच्याकडे टेस्ला मॉडेल 3 परफॉर्मन्स आहे. सिग्नल सुटला की मी त्याचे मागचे दिवे बघत राहतो. त्यात वादच नाही.

पण आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला. इथून जवळ दोन घाट आहेत: ग्लॉसपपासून पुढे जाणारा स्नेक पास आणि मॅक्लसफील्ड ते बक्सटनचा कॅट अँड फिडल. धुकं, ओला रस्ता, बाजूला मेंढ्या. ताम्हिणीची आठवण येते, फक्त भजी मिळत नाहीत. तिथे माझ्या गाडीचं जेमतेम एक टन वजन कामाला येतं.

साधा हिशोब आहे. ताशी 100 किलोमीटरवरून थांबायचं तर एक टनाच्या गाडीला सुमारे 386 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. मित्राच्या गाडीचं वजन 1,850 किलोच्या आसपास, म्हणजे तिला 714. त्यातली काही परत बॅटरीत जाते, हे मान्य. वळणात मात्र सगळा भार टायरवर येतो, आणि टायरची गंमत अशी की त्यावरचं ओझं दुप्पट केलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. मग जड गाडीला रुंद टायर लागतात, मोठे ब्रेक लागतात, आणि त्यांचंही वजन असतंच. टेस्लाच्या इंजिनिअरांनी बॅटरी जमिनीलगत ठेवून बरंच सावरून घेतलंय, पण वजन गेलेलं नाही.

नुसतं कमी वजन पुरत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हात पसरून धरा आणि गिरकी घ्या. मग त्याच बादल्या अंगाशी धरून गिरकी घ्या; या वेळी फिरणं आणि थांबणं दोन्ही सोपं जातं. एमएक्स-5 चं इंजिन पुढच्या एक्सलच्या मागे बसवलंय, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं आहे. दोन्ही टोकं हलकी, मधे आपण. स्टिअरिंग जरासं फिरवलं की नाक लगेच वळतं.

गाडी वळणात कलते, चांगलीच कलते. पहिल्या आठवड्यात मला हा दोष वाटला होता. पण एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला किती भार सरकणार, हे मुख्यतः वजन, त्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यावर ठरतं. स्प्रिंग कडक केल्या तर कलणं कमी होतं, भार सरकायचा तेवढा सरकतोच. आता त्या कलण्यावरूनच मला कळतं की टायरमध्ये अजून किती दम आहे.

तिसऱ्या महिन्यात दुर्बुद्धी सुचली. मूळच्या 16 इंची चाकांऐवजी देखणी, जड 17 इंची चाकं बसवून घेतली. फोटो छान आले. पण चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक परत रस्त्यावर टेकायला वेळ लावतं. ठिगळं लावलेल्या रस्त्यावर गाडी धडधडायला लागली, स्टिअरिंगमधला जिवंतपणा गेला. सहा आठवड्यांनी जुनी चाकं परत चढवली.

मोटरवेवर कापडी छपराखाली गप्पा मारायच्या तर आवाज चढवावा लागतो. डिकी 130 लिटरची, स्टेपनी नाही.

मे महिन्यात साताऱ्याहून बाबा आले, 23-23 किलोच्या दोन बॅगा घेऊन. बायको बॅगांसह टॅक्सीने घरी गेली, बाबा माझ्याबरोबर. त्यांच्या सत्तर किलोंनीसुद्धा गाडी चढाला जरा सुस्तावली, हे मला लगेच जाणवलं. रविवारी त्यांना छप्पर उघडून कॅट अँड फिडलला नेलं. तिथे ताशी 50 मैलांची मर्यादा आहे आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. तिसऱ्या वळणाला बाबांनी दाराचं हँडल घट्ट धरलं.

"अरे, शंभरच्या वर आहेस का?"

काट्याकडे बघितलं. 45 मैल, म्हणजे बहात्तर किलोमीटर.

"हळू घेऊ का?"

"नको," बाबा म्हणाले. "हा डोंगर संपेपर्यंत असंच चालू दे."