सिंकखालचं कपाट फुगलं, दहा वर्षांची वॉरंटी कोरडीच राहिली

मॉड्युलर किचन बसवून घेणाऱ्यांनी, आणि त्यातही ज्यांचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा आहे त्यांनी, हे जरूर वाचावं. आमच्या सिंकखालच्या कपाटाचा तळ दुसऱ्याच वर्षी फुगला. वॉरंटी १० वर्षांची होती. विक्रेत्याने आजवर त्यापोटी एक छदामही खर्च केलेला नाही. नाव देत नाही, कारण प्रकरण मिटलेलं नाही. आणि ही पद्धत एकट्या त्यांचीच असेल असं मला वाटतही नाही.

विकताना तोंडी सांगितलं गेलं 'वॉटरप्रूफ'. कोटेशनवर ते 'मॉइश्चर रेझिस्टंट' झालं. वॉरंटी कार्डाच्या मागे, बारीक अक्षरात, 'पाणी, वाफ, ओल व गळतीमुळे होणारे नुकसान वगळून'. आता स्वयंपाकघरातल्या कपाटाला पाणी, वाफ आणि ओल सोडून दुसरं काय होणार? वाळवी लागेल फार तर. तीही वगळलेली होतीच.

शोरूममध्ये पाण्याच्या ग्लासात बोर्डाचा एक तुकडा बुडवून ठेवलेला असतो. हिरवट गाभ्याचा. 'बघा, कधीपासून पाण्यात आहे, काही झालंय का?' तुम्हालाही असा तुकडा दाखवला तर तो हातात घ्या आणि कडा बघा. त्याच्या चारही कडांना पट्टी चिकटवलेली असते. खरी मेख तिथेच आहे.

पार्टिकल बोर्ड काय किंवा एमडीएफ काय, लाकडाचा भुसा किंवा तंतू सरसात कालवून, उष्णता देऊन, प्रचंड दाबाखाली बनवतात. पाणी आत शिरलं की दाबलेला भुसा पुन्हा उसळून वर येतो. साध्या बोर्डातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरसही ओल आणि उष्णतेने सुटतो, म्हणून एकदा फुगलेला बोर्ड वाळवला तरी पूर्ववत होत नाही. ओलाव्याला टिकणाऱ्या बोर्डात सरसात मेलामाइन मिसळतात. त्याने फुगणं लांबतं, टळत नाही. हिरवा रंग तर नुसता ओळखू यावा म्हणून घातलेला असतो, त्याने पाणी अडत नाही. वरच्या लॅमिनेटमधून पाणी सहसा जात नाही. जातं ते कडेतून. कारखान्यात मशीनवर लावलेली एज बँडिंगची पट्टी बऱ्यापैकी टिकते. पण पाइप जावा म्हणून जागेवर पाडलेलं भोक, नळाच्या जोडणीसाठी पाठीमागे जिगसॉने कापलेली खाच, या कडा कोण बंद करतं?

आमच्याकडे कोणीच केल्या नव्हत्या. तळाची फळी मूळ १८ मिलिमीटर जाड. पाइपच्या भोकाशी मोजली तर २३ भरली. तिथे बोट फिरवलं की ओलसर भुसा नखात यायचा. समोरची, पट्टी लावलेली कड मात्र धड होती. फुगवटा कापलेल्या कडांपासून सुरू होऊन आत सरकत गेला होता, हे कोणालाही डोळ्यांनी दिसत होतं.

विक्रेत्या कंपनीच्या टेक्निशियनला ते दिसलं नाही. त्याने मॉइश्चर मीटरच्या दोन सुया सगळ्यात ओल्या जागी टोचल्या, आकड्याचा फोटो काढला आणि 'गळती आहे' म्हणाला. आम्ही आमचा प्लंबर बोलावून प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून पाहिलं. सगळे कोरडे निघाले. पाणी येत होतं ते सिंक आणि भिंतीमधल्या फटीतून. तिथे सिलिकॉन भरलेलंच नव्हतं. ते भरायचं काम कंपनीने पाठवलेल्या फिटरचं. हे दाखवल्यावर उत्तर मिळालं की फिटर आमचा कर्मचारी नाही, आणि बसवणीची वॉरंटी १ वर्षाचीच आहे.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. विक्रेता म्हणे बोर्ड बनवणाऱ्याला विचारा. आम्ही खरंच विचारलं, आणि अनपेक्षितपणे लेखी उत्तर आलं: उत्पादनातला दोष नाही, कापलेल्या कडा सील करणं ही फर्निचर बनवणाऱ्याची जबाबदारी. त्यांनी आपले हात झटकले, पण आमच्या हाती विक्रेत्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम कागद दिला.

फसवणूक म्हणतो ती मात्र पुढची. जाताना टेक्निशियनने फोनवर आलेला ओटीपी मागितला. 'भेट दिल्याची नोंद करायची आहे फक्त.' तो गेला आणि मेसेज आला: तक्रार निवारण झाले, ग्राहक समाधानी. अहवालात कारण लिहिलेलं 'ग्राहकाचा अयोग्य वापर'. पुन्हा तक्रार नोंदवायला गेलो तर त्याच दोषासाठी दुसरी तक्रार घेत नाही म्हणे. त्याच संध्याकाळी फोटो जोडून हरकतीचा ईमेल पाठवला होता, म्हणून निदान वाद जिवंत राहिला. ओटीपी देण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला मागा. दाखवत नसेल तर देऊ नका, तो कितीही घाईत असो.

बऱ्याच पाठपुराव्यानंतर 'सदिच्छा म्हणून' एक तोडगा आला. तळाची फळी फुकट. मजुरी, वाहतूक, सिंक काढणं-बसवणं आमच्याकडे. सोबत सहीसाठी कागद: यापुढे कोणताही दावा राहणार नाही. नव्या फळीच्या कापलेल्या कडा तरी सील करून देणार का, असं विचारलं. ते स्कोपमध्ये नाही, असं उत्तर आलं. म्हणजे त्याच भोकातून तेच पाणी, आणि या वेळी तक्रार करायचा हक्कही गेलेला. सही केली नाही.

तुमचं काम चालू असेल तर शेवटचे पैसे देण्याआधी सिंकखाली टॉर्च मारा, ड्रॉवर बाहेर काढा, प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर कड उघडी आहे. स्कर्टिंग, म्हणजे कपाटाखाली फरशीलगत लावलेली पट्टी, काढून बघा. कपाट पायांवर आहे की थेट फरशीवर? फरशीवर असेल तर पुसण्याचं पाणी रोज पिणार. बिलावर बोर्डाचा ग्रेड आणि 'कापलेल्या सर्व कडा सील केल्या आहेत' हे वाक्य लिहून घ्या. मला विचाराल तर ग्रेडपेक्षा ते वाक्य महत्त्वाचं. वॉरंटीत मजुरी धरली आहे का आणि शटरची, म्हणजे कपाटाच्या दारांची, मुदत वेगळी आहे का, तेही बघा. आमच्या शटरची १ वर्षच होती, त्यामुळे दारांवरच्या, वाफेने सुटलेल्या पातळ फॉइलबद्दल बोलायचीही सोय नव्हती.

नुकसान झालंच असेल तर टेक्निशियन येण्याआधी प्लंबरकडून गळती नसल्याचं लेखी घ्या, आणि फुगलेली फळी भंगारात टाकू नका.

आम्ही शेवटी बाहेरच्या सुताराकडून बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लायचा तळ करून घेतला. या प्लायचा सरस ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकावा लागतो, तरी सुताराने प्रत्येक कड न सांगता बंद केली. त्याचं बिल, बोर्डवाल्यांचं पत्र आणि फोटो जोडून खर्चाची लेखी मागणी विक्रेत्याकडे पाठवली आहे. उत्तर आलं: प्रकरण वरिष्ठांकडे दिले आहे. आता ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे.