आइस हॉकीचे नवे गोली पॅड: कौल गुडघ्याचा

बऱ्याच वर्षांनी पुन्हा गोली, म्हणजे गोलरक्षक, म्हणून गोलमध्ये उभी राहायचं ठरलं, तेव्हा पायांचे जुने पॅड बाहेर काढले. 12 इंच रुंद, पट्टे चामड्याचे, बकलांसकट. एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) 2005 मध्येच रुंदीची मर्यादा 11 इंचांवर आणली, तेव्हा ते कोणत्या काळातले हे वेगळं सांगायला नको. नवे घेणं भाग होतं.

दुकानातल्या मुलाने उंची विचारली आणि लगेच 36 नंबर पुढे केला. उंचीवरून हे पॅड घ्यायचेच नसतात. घोट्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं, आणि स्केट केवढे ते. मी स्केट्सच्या पात्यांना कव्हर चढवलं, पॅड बांधले आणि दुकानातच बटरफ्लायमध्ये, म्हणजे गुडघे टेकून पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरून, खाली बसले. (गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत.) गुडघा आतल्या उशीच्या बरोब्बर मध्यावर टेकायला हवा. 36 मध्ये तो खालच्या कडेवर उतरत होता आणि उभं राहिलं की दोन्ही पॅडची वरची टोकं एकमेकांवर आपटत होती. 34+1 मध्ये नेमका बसला. हे ‘+1’ म्हणजे मांडीकडची एक इंच वाढ. खाली बसल्यावर फाइव्ह-होल, म्हणजे दोन पायांमधली फट, झाकायला ती कामी येते. आणि एका कंपनीचा 34 दुसरीच्या 34 शी जुळेलच असं नाही, त्यामुळे नंबरावर विसंबून मागवू नका.

मग मऊ की कडक? सीसीएम कंपनीची ॲक्सिस मालिका कडक बाजूची, तिचीच ई-फ्लेक्स किंवा वॉन कंपनीची व्हेलॉसिटी मऊ बाजूची. कडक पॅडवरून पक (खेळातली रबरी चकती) लांब उडतो. उठायला वेळ लागणाऱ्या गोलीला तेच बरं, असं बरेच जण म्हणतात. मला पटलं नाही. लांब उडालेला पक समोरच्या मोकळ्या खेळाडूच्या काठीवर गेला, तर मी अजून जमिनीवरच असते. मऊ पॅडपाशी तो पायाजवळ पडतो आणि हात टाकून दाबता येतो. म्हणून मी मऊ घेतले, तेही प्रो नव्हे, सीनियर दर्जाचे. हौशी सामन्यातल्या शॉटला तेवढा फोम पुरतो.

खरा फरक जाणवला तो पट्ट्यांत. पूर्वी बुटाच्या टोकाची दोरी आवळून बांधायचो. आता तिथे इलॅस्टिक असतं. खाली बसताना पॅडला पायाभोवती फिरून समोर तोंड करायचं असतं. दोरी घट्ट असली की तो फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात आणि खुब्यात जातो. चाळिशीनंतर तो सोसत नाही. इलॅस्टिक ढिलं, पोटरीचा पट्टाही सैलसर, गुडघ्याचा मात्र नीट बसलेला, एवढं जमल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हायची वेळ आली नाही. पॅड वजनालाही हलके आहेत. पुढेमागे सरकताना पाय ओढावे लागत नाहीत.

तक्रार एकच, पोटरीच्या वेल्क्रोची. बर्फाचा चुरा त्यात अडकला की तिसऱ्या पिरियडपर्यंत पकड सुटायला लागते. जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केलं की धरतं, म्हणून तो आता किटबॅगेतच ठेवलाय.