जुनंच प्रीपेड, पोस्टपेड की पोर्ट? नागपूरकरांसाठी हिशेब

सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत कुठल्याही मोबाइलच्या दुकानापुढे थांबा, "भाऊ, पोर्ट करता का?" असं कुणीतरी विचारतंच. म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता का. जुन्या गिऱ्हाइकाला मात्र कंपनी स्वतःहून काही देत नाही. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआयने दर वाढवले, तेव्हा वर्षानुवर्षं एकच नंबर चालवणाऱ्यालाही तेवढीच वाढ बसली. तेव्हा निष्ठेला हिशेबात शून्य धरा.

पैशाचं आधी बघू. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. समजा पॅक ३४९ चा आहे, तर वर्षाचे ४,५३७ रुपये झाले. पोस्टपेडचा ३९९ चा प्लॅन दिसायला त्याच्या जवळचाच, बिलंही १२ च. पण प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडला १८ टक्के वरून लागतो. महिन्याचे ४७१ आणि वर्षाचे साधारण ५,६५० होतात. एकट्या माणसाने पोस्टपेडच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात चार नंबर असतील आणि फॅमिली प्लॅनमध्ये बसत असतील, तर मात्र गणित उलटू शकतं. प्रीपेडवाल्यांनी ३० दिवसांचा पॅक मागून घ्यावा. २०२२ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाने प्रत्येक कंपनीला असा निदान एक ठेवावाच लागतो. दुकानदार आपणहून सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

सोडून जायचं झालं तर प्रीपेड सुटसुटीत. १९०० वर पोर्टचा एसएमएस टाकला की कोड येतो, तो महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल तर विनंती अडते, आणि शेवटचं बिल बुडवलं तर नव्या कंपनीतला नंबरही बंद पडू शकतो. प्रीपेडची मेख वेगळी आहे: उरलेला बॅलन्स आणि व्हॅलिडिटी दोन्ही जातात. म्हणून वर्षभराचा पॅक घेताना जपून. स्वस्त पडतो खरा, पण पाय त्यातच अडकतात.

पोर्ट केल्यावर पुढचे ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. त्यामुळे बीएसएनएल स्वस्त आहे म्हणून लगेच उडी मारू नका. त्या कंपनीचं कुणाचं तरी सिम आपल्या फोनात घालून महालातल्या घराच्या आतल्या खोलीत, बुटीबोरीच्या कंपनीत, जिथे आपला दिवस जातो तिथे लावून बघा. बर्डीच्या चौकात सगळ्यांचीच रेंज फुल्ल दाखवते.

नव्या फोनचा प्रश्न यात मिसळू नका. आपल्याकडे फोन बहुतेक वेळा प्लॅनला बांधलेला नसतो, ईएमआयला असतो. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या. एक्सचेंजचा आकडा मात्र दोन-तीन दुकानांत विचारा, तिथे फरक चांगलाच पडतो.

पोर्ट ठरलंच तर सोमवारी अर्ज टाका, कारण मुदत ३ कामाच्या दिवसांची असते. नंबर बदलताना काही तास सेवा बंद राहते. ओटीपी लागणारं बँकेचं काम आधी उरकून घ्या.